कल्चर दोन दिवसांत मेलं?

इंग्रजी उताऱ्यांचा सराव करणाऱ्या एका मुलीनं मला एक वाक्य दाखवलं : ‘द कल्चर डाइड इन टू डेज.’ तिनं लावलेला अर्थ : संस्कृती दोन दिवसांत लयाला गेली. एकही शब्द अनोळखी नाही, व्याकरण सोपं, तरी अर्थ साफ चुकला. उतारा जिवाणूंवरचा होता. प्रयोगशाळेत बशीमध्ये वाढवलेल्या जिवाणूंनाही इंग्रजीत ‘कल्चर’च म्हणतात.

शब्द वाचताना डोक्यात नेमकं काय होतं? या प्रश्नावरचा माझा अतिशय आवडता प्रयोग डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला. ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायचं छुपं यंत्रही. लोकांना एक मजकूर ऐकवला : खोलीत कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. तो शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर काही अक्षरं उमटत. हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच झटपट सांगायचं. ‘अँट’, म्हणजे मुंगी, लोकांनी चटकन ओळखला. यात नवल नाही. पण ‘स्पाय’, म्हणजे हेर, हा शब्दही तितक्याच चटकन ओळखला गेला! झुरळांची गोष्ट चालू असताना हेर आला कुठून? मेंदूनं दोन्ही अर्थ जागे केले होते. तीनच अक्षरावयव (सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे) पुढे गेल्यावर तपासलं, तर हेर विझलेला आणि मुंगी तेवढी उरलेली. ही सगळी निवड सेकंदाच्या आत उरकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हा प्रयोग ऐकण्यावरचा. वाचताना डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तरी निवडीची खूण दिसते. नजर एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकते आणि उडी मारून पुढे जाते. पण संदर्भाला शब्दाचा कमी वापरातला अर्थ हवा असेल, तर ती तिथे जास्त रेंगाळते.

आता त्या मुलीचं बघा. ‘कल्चर’चा दुसरा अर्थ तिच्याकडे नव्हताच. जागं होणार काय आणि निवडणार कशातून?

म्हणूनच ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ असल्या युक्त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. आकलन हे एकदा कमावलं की कुठल्याही विषयाला पुरतं, हा समजही चुकीचा आहे. १९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं खेळ न जाणणाऱ्या पट्टीच्या वाचकांपेक्षा सरस ठरली. विषयाची माहिती हा आकलनाचा भागच आहे.

आणि ‘एका नजरेत अख्खी ओळ’ वाचायला शिकवणाऱ्या जाहिरातींना कृपा करून भुलू नका. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग नजरेच्या कोनात मोजला तर जेमतेम दोन अंशांचा असतो. कुठल्याही वर्गानं तो रुंद होत नाही.

त्यापेक्षा एकाच विषयावरचे तीन-चार उतारे लागोपाठ वाचावेत, मग विषय बदलावा. रोगजंतूंवरच्या चार लेखांत ‘होस्ट’ वारंवार भेटतो, आणि तो पाहुण्यांचा यजमान नसून परजीवी ज्याच्यावर जगतो तो जीव आहे, हे पाठ न करता बसतं. त्यानंतर संगीत घ्या : तिथली ‘की’ कुलूप उघडत नाही. मग इमारती, मग भूकंप.

परवा ती मुलगी सिंफनीवरचा उतारा वाचत होती. ‘सेकंड मूव्हमेंट’पाशी थांबली. ‘‘इथे हालचाल बसत नाही, चळवळही बसत नाही,’’ ती म्हणाली आणि मला न विचारता तिनं शब्दकोश उघडला.