मूल अडकलं की माऊस हातात घेऊ नका
(आमच्या कॉम्प्युटर विज्ञानवर्गाच्या पालकांसाठी)

नववीचा 'धाराविद्युत' धडा सुरू झाला की पालकांचे फोन वाढतात. "मुलगी कधीची एकाच सर्किटवर अडून बसलीय, चिडलीय. तुमच्या वर्कशीटमागे उत्तरं का देत नाही?"

आम्ही ती मुद्दामच देत नाही. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक लावले, तर पहिला बल्ब करंट खाणार आणि दुसरा मंद लागणार, अशी पुष्कळ मुलांची खात्री असते. स्क्रीनवरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे आभासी प्रयोगात, मात्र दोन्ही सारखेच मंद लागतात. मूल तारा काढून पुन्हा जोडतं, बॅटरी उलटी करतं, तरी तेच! कपाळाला आठ्या पडतात त्या इथे, आणि जुनी समजूत हलायला लागते तीही इथेच. नेमका त्याच वेळी घरातलं कुणीतरी माऊस घेतं आणि उत्तर लिहून मोकळं होतं. शीट बरोबर दिसते, म्हणून आमचे शिक्षक समांतर जोडणी सुरू करतात आणि सगळं डोक्यावरून जातं. मग अख्खा तास मागचं उकरण्यात जातो.

चिडचिडीपेक्षा कंटाळ्याची काळजी करा. रायन बेकर, सिडनी डिमेलो या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या शैक्षणिक सॉफ्टवेअरवर बसलेल्या विद्यार्थ्यांचं निरीक्षण करून 2010 साली हेच मांडलं: कंटाळा एकदा आला की हटत नाही, आणि कंटाळलेली मुलं न वाचताच पर्याय दाबत सुटतात. तुमचं मूल असं करत असेल, तर मात्र लगेच कळवा, आम्ही शीट बदलून देऊ.

गोंधळ सुटला तरच उपयोगाचा, हेही खरं. म्हणून पाच-दहा मिनिटं थांबा आणि एवढंच विचारा, "तुला काय होईल असं वाटलं होतं?" तरी सुटेना किंवा डोळ्यांत पाणी आलं, तर कॉम्प्युटर बंद करा. शीट अर्धवट पाठवा. आम्हाला अर्धवट शीटच जास्त कामाची.

काही जण विचारतात, फेट (PhET) या प्रकल्पाची सिम्युलेशन्स इंटरनेटवर मोफत असताना फी कशाची? ती मोफतच आहेत. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. घरी जरूर वापरा. फी आहे ती मूल कुठे अडलंय हे शेजारी बसून ओळखणाऱ्या शिक्षकाची. एका शिक्षकाकडे आम्ही मोजकीच मुलं देतो ती त्यासाठीच. पहिला तास विनामूल्य आहे. येताना अडलेली शीट घेऊन या, खाडाखोडीसकट.