सांडपाण्यातील आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्यांचे निर्मूलन

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या वेळी, क्ष-किरण चित्रात अवयव व रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून रक्तवाहिनीतून दिली जाणारी आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल, आयोप्रोमाइड, डायाट्रिझोएट ही द्रव्ये (रुग्णांच्या बोलण्यात ‘डाय’) सांडपाण्यातून वेगळी करणे किंवा मोडणे. 350 तीव्रतेच्या (म्हणजे मिलिलिटरला 350 मि.ग्रॅ. आयोडीन असलेल्या) 100 मिलि आयोहेक्सॉलमध्ये सुमारे 75 ग्रॅम औषध असते, त्यातले 35 ग्रॅम आयोडीन. मूत्रपिंडे निरोगी असल्यास 24 तासांत 90 टक्क्यांहून अधिक भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो.

नेहमीच्या मैलापाणी केंद्रात ही द्रव्ये फारशी अडत नाहीत. ती पाण्यात अतिशय विरघळणारी असल्याने गाळाला चिकटत नाहीत. जिवाणू आयोप्रोमाइडच्या बाजूच्या साखळ्या कुरतडतात, पण आयोडीन धरून ठेवणारे बेंझिनचे कडे शाबूत राहते. प्रदूषके शोषून धरणाऱ्या सक्रिय कार्बनवरची जागा इतर सेंद्रिय पदार्थ आधी बळकावतात. डायाट्रिझोएट तर त्यातून सर्वांत लवकर निसटते. पाणी शुद्ध करायला वापरल्या जाणाऱ्या ओझोन वायूशी त्यांची थेट अभिक्रिया मंद असते. जर्मनीतील एका प्रायोगिक संयंत्रात लिटरला 15 मि.ग्रॅ. ओझोन देऊनही डायाट्रिझोएट जेमतेम 14 टक्के घटले.

आरओ आणि नॅनोफिल्ट्रेशनचे (अतिसूक्ष्म गाळणीचे) पडदे सुमारे 600 ते 800 रेणुभाराची ही द्रव्ये चांगली अडवतात. मात्र ती नष्ट होत नाहीत, उरलेल्या दाट पाण्यात गोळा होतात आणि त्याची वेगळी सोय लावावी लागते. पॅलेडियम धातूचा उत्प्रेरक व हायड्रोजन किंवा विद्युत्-क्षपण (विजेने इलेक्ट्रॉन पुरवणे) वापरून कड्यावरचे आयोडीन सुटे करता येते.

प्रक्रिया झालेल्या पाण्याच्या तपासणीत फसगत होते ती इथेच. मूळ औषध दिसेनासे झाले म्हणजे काम झाले, असे नाही. सुट्या आयोडाइडचे (आयोडीनच्या पाण्यात मोकळ्या असलेल्या रूपाचे) प्रमाण तेवढे वाढलेले नसेल, तर आयोडीन नव्या सेंद्रिय संयुगांत अडकून आहे असे समजावे. असे पाणी पुढे पिण्यासाठी उचलून क्लोरिन दिल्यास, विशेषतः आयोपामिडॉलपासून, आयोडोॲसिटिक आम्लासारखी जनुकांना घातक उपउत्पादने तयार होऊ शकतात.

म्हणून उगमापाशी अडवणे अधिक शहाणपणाचे. बाटलीत उरलेले द्रव्य बेसिनमध्ये ओतू नये, वेगळ्या कॅनमध्ये साठवावे. काही उत्पादक ते परत घेऊन आयोडीन काढतात. रुग्णालयाचे स्वतंत्र संयंत्र तपासणीनंतर लगेच घरी जाणाऱ्यांची लघवी पकडू शकत नाही. यासाठी जर्मनीत रूर नदीकाठच्या म्युलहाइममध्ये अशा रुग्णांना शोषक भुकटीच्या पिशव्या देण्याचा प्रयोग झाला. पिशवीत लघवीचा घट्ट गोळा होतो आणि ती घरच्या कचऱ्यासोबत जाळण्यासाठी जाते.