आखूड धावपट्टी आणि जोराचा वारा : बुश विमानांची पार्श्वभूमी

नेपाळमध्ये मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघालेल्या मराठी यात्रेकरूंना पोखऱ्याहून विमानाने जायचे असेल, तर भल्या पहाटे विमानतळ गाठावा लागतो. पोखरा ते मुक्तिनाथाजवळच्या जोमसोमपर्यंतचे हे जेमतेम वीस मिनिटांचे उड्डाण सकाळीच उरकतात, कारण दहा-अकराच्या सुमारास काली गंडकी नदीच्या खोऱ्यात वारा सुटतो आणि तो संध्याकाळपर्यंत पडत नाही. उत्तरेकडचे मुस्तांगचे उघडे पठार उन्हाने तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडची हवा अन्नपूर्णा व धवलगिरी यांच्यामधल्या अरुंद दरीतून ओढली जाते. जवळच्या मार्फा गावातली घरे एकमेकांना चिकटून आहेत आणि गल्ल्या चिंचोळ्या आहेत, त्या याच वाऱ्याला आडोसा म्हणून. या मार्गावर ट्विन ऑटरसारखी बुश विमाने, म्हणजे दुर्गम भागातल्या आखूड धावपट्टीसाठीच घडवलेली विमाने, वर्षानुवर्षे उडत आली आहेत. तीही या वाऱ्यापुढे थांबतात, हे समजून घ्यायचे तर ती कशी घडत गेली ते पाहावे लागते.

विमानाला उचल मिळते ती पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे. जमिनीवर ते किती वेगाने धावते आहे, याचा उचलीशी थेट संबंध नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानासमोर ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर चाके टेकताना त्याचा जमिनीवरचा वेग निम्माच उरतो, आणि थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ते जवळजवळ चौथाईवर येते. तोच वारा पाठीमागून आला, तर हा वेग ९० होतो आणि अंतर सव्वादोन पट वाढते. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरणाऱ्या मोठ्या जेट विमानासाठी ३० किलोमीटरचा फरक सोसण्याजोगा असतो. हळू उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत मात्र तो निम्मा हिशेबच बदलून टाकतो. वाऱ्याचा एवढा लाभ आणि एवढाच धोका दुसऱ्या कोणत्या विमानाला क्वचितच असेल.

हळू उडण्याची युक्ती १९२० च्या सुमारास सापडली. पंखाच्या पुढच्या कडेला एक अरुंद फट ठेवली, तर नाक बरेच वर उचलले तरी हवेचा प्रवाह पंखाला धरून राहतो, हे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हँडली पेज आणि जर्मनीत गुस्ताव लाखमान यांनी स्वतंत्रपणे ओळखले. या कल्पनेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे १९३६ मध्ये प्रथम उडालेले जर्मन फीझलर श्टोर्ख. श्टोर्ख म्हणजे करकोचा, आणि त्याचे लांब लोंबते पाय पाहिले की हे नाव मनोमन पटते. ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगानेही ते तरंगत राही, त्यामुळे तेवढाच वारा समोरून आला तर ते जमिनीवरून पाहणाऱ्याला आकाशात एका जागी उभे दिसे.

माझ्या मते हळू उडण्याचा प्रश्न श्टोर्खने बहुतांशी सोडवला होता. त्यानंतरच्या विमानांचा खरा इतिहास आहे तो हळू झालेले विमान वाऱ्यात ताब्यात ठेवण्याचा. वेग कमी झाला की पंखाच्या टोकाकडची एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलते करणारी हलती पाती, मवाळ पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी झोताने एक पंख उचलला तर तो खाली आणायला पुरेसा जोर उरत नाही. ऑटो कॉपेन आणि लिन बॉलिंजर यांनी १९४९ मध्ये अमेरिकेत पुढे आणलेल्या हेलिओ विमानात याचे विचारपूर्वक उत्तर होते : वेग घटताच आपोआप बाहेर येणाऱ्या पुढच्या पट्ट्या, आणि एलेरॉनच्या जोडीला उचललेल्या पंखाची उचल मोडणारी छोटी पाती.

कॅनडात डी हॅविलँड या विमान कंपनीने वेगळी वाट धरली. रचना ठरवण्यापूर्वी त्यांनी रानावनात उडणाऱ्या वैमानिकांनाच त्यांच्या गरजा विचारल्या, आणि त्यातून १६ ऑगस्ट १९४७ रोजी बीव्हर उडाले. त्यात फ्लॅपबरोबर (उतरताना जादा उचलीसाठी खाली झुकवायच्या पंखाच्या मागच्या पट्ट्या) एलेरॉनही खाली झुकत, त्यामुळे जवळजवळ सगळा पंख उचल देण्याच्या कामी येई. १,६५७ बीव्हर तयार झाली. त्याच घराण्यातले ऑटर १९५१ मध्ये आले आणि भारतीय हवाई दलानेही ते वापरले. दलाचे ४१ क्रमांकाचे पथक आजही ‘ऑटर्स’ या नावाने ओळखले जाते. ट्विन ऑटर १९६५ चे.

वाऱ्याशी रोजचा व्यवहार कसा करावा, हे मात्र अलास्कातल्या वैमानिकांनी अनुभवातून घडवले. अल्यूशन बेटांवर डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या वाऱ्याला तिथे विलीवॉ असे खास नाव आहे. पायपर सुपर कबसारखे हलके, शेपटीला चाक असलेले विमान अशा वाऱ्यात उतरवताना वाऱ्याकडचा पंख खाली झुकवून त्या बाजूचे चाक आधी टेकवतात, आणि झोत जोराचे असतील तर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेग राखून फ्लॅप कमी घेतात. टेकल्यावरही काम संपत नाही. विमान दोरांनी बांधले जाईपर्यंत सुकाणूवरचा हात काढायचा नसतो, कारण उभ्या विमानाच्या पंखालाही तो वारा उचल देतच असतो.

हिमालयात अडचण आणखी वाढते. हवा विरळ असल्याने तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त लागतो. नेपाळमधल्या एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्ल्याची १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने झालेली धावपट्टी ५२७ मीटरांची असून तिचा चढ सुमारे बारा टक्के आहे. उतरायचे ते चढाच्या दिशेनेच, उडायचे ते उताराच्या दिशेनेच. त्यामुळे वारा पाहून दिशा बदलण्याची मुभा तिथे नाही, आणि पाठचा वारा सुटला की उतरणे थांबते.

जोमसोमवर उभ्या असलेल्या धवलगिरीवर १९६० साली स्विस मोहिमेचे ‘यती’ नावाचे पिलाटस पोर्टर जातीचे विमान सुमारे ५,७०० मीटर उंचीच्या खिंडीत, बर्फावर स्कीने उतरले होते. त्या मोसमातच ते अपघातात कायमचे गमावले. वैमानिक वाचले आणि पायी खाली आले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आजही सकाळी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा व जोर दाखवणारी कापडी नळी, नुसता लोंबत असतो, तेवढ्या वेळात विमाने ये-जा करतात, आणि तो ताठ आडवा झाला की धावपट्टी दुसऱ्या सकाळपर्यंत रिकामी राहते.