पियानो कॉन्चेर्टोचा सप्रयोग परिचय

एखादा पियानो कॉन्चेर्टो (एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली पाश्चात्त्य संगीतातली रचना) सलग वाजवण्याआधी त्याची घडण श्रोत्यांना बोलून, आणि त्यातले निवडक तुकडे प्रत्यक्ष वाजवून, उलगडून दाखवण्याची पद्धत. बोलणारा बहुधा वाद्यवृंदाचा संचालक किंवा स्वतः पियानोवादक असतो. आधी उकल आणि मग संपूर्ण रचना, ही मांडणी सर्वांत रुळलेली.

अभिजात काळातला कॉन्चेर्टो साधारण अर्ध्या तासाचा असतो. त्याचे खंड तीन: जलद, संथ आणि पुन्हा जलद. तो पुरतेपणी ऐकायचा तर स्मरण लागते. सुरुवातीला ऐकलेली सुरावट दहा मिनिटांनी वेगळ्या स्वरात, वेगळ्या वाद्यावर परतते. ती ओळखता आली नाही तर परतण्यातला आनंदही हुकतो. म्हणून अशा कार्यक्रमाचे मुख्य काम दोन-चार सुरावटी श्रोत्यांच्या कानात पक्क्या बसवणे हे आहे. रचनाकाराच्या आजारपणात आणि प्रेमप्रकरणांत वेळ गेला की नेमके तेच राहून जाते.

नवख्या श्रोत्याला पहिला प्रश्न पडतो तो असा: पियानोवादक समोर येऊन बसला आहे, मग तो वाजवत का नाही? मोत्सार्टच्या डी मायनर या स्वरपट्टीतल्या कॉन्चेर्टोत (त्याच्या रचनांच्या केखेल-सूचीत क्रमांक ४६६, १७८५) वाद्यवृंद आधी ७६ मात्राखंड (ठरावीक मात्रांचे छोटे विभाग) वाजवतो. तंतुवाद्यांच्या अडखळत्या, ठेक्याच्या आड पडणाऱ्या स्वरांतून अस्वस्थता दाटत जाते. मग पियानो येतो तो आतापर्यंत कुणीच न वाजवलेली सुरावट घेऊन, एकटा. व्हिएन्नाच्या तेव्हाच्या रसिकांना हा प्रघात सवयीने ठाऊक होता. आज तो सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर तो प्रवेश दोनदा वाजवून दाखवावा लागतो: एकदा नुसता, एकदा आधीच्या वाद्यवृंदासह.

बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो (जी मेजर या स्वरपट्टीत, ओपस म्हणजे रचनाक्रमांक ५८) या पद्धतीला फार मानवतो. इथे प्रघात मोडून पियानोच सुरुवात करतो. पाच मात्राखंड, अगदी हळुवार. वाद्यवृंद उत्तर देतो ते अनपेक्षित अशा बी मेजरमध्ये. हा धक्का शब्दांत सांगून कळत नाही. तेच उत्तर आधी जी मेजरमध्ये, म्हणजे कानाला अपेक्षित तसे, वाजवायचे आणि लगेच बेथोव्हेनने लिहिलेले ऐकवायचे; फरक जाणवायला संगीताचे शिक्षण लागत नाही. सुरुवातीच्या सुरावटीतले एकाच स्वराचे पुनरावर्तन बेथोव्हेनच्याच पाचव्या सिम्फनीच्या (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या) प्रसिद्ध ठेक्याचे सख्खे भावंड आहे, हेही पियानोवर लगोलग दाखवता येते. या दोन्ही रचना २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात एकाच दीर्घ मैफलीत वाजल्या आणि कॉन्चेर्टोत पियानोवर खुद्द बेथोव्हेन होता.

या कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या खंडात फक्त तंतुवाद्ये आणि पियानो. तंतुवाद्ये एकसुरात, करडेपणाने बोलतात. पियानो आर्जवाने उत्तर देतो. हळूहळू तंतुवाद्यांचा आवाज उतरत जातो. ग्रीक पुराणकथेतला गायक ऑर्फियस आणि त्याच्या गाण्याने निवळणाऱ्या पाताळातल्या शक्ती यांच्याशी याची तुलना पूर्वीपासून होत आली आहे. ती सांगावी, पण दोन्ही पक्ष एकदा वेगवेगळे वाजवून दाखवल्यानंतर. आधी सांगितली तर लोक गोष्ट ऐकतात, स्वर नाही.

कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबून एकट्या वादकाला मोकळीक मिळते ती जागा, हाही रंगणारा भाग. मोत्सार्टने डी मायनरसाठी स्वतः लिहिलेला कॅडेन्झा उपलब्ध नाही. बेथोव्हेनने त्यासाठी लिहिलेला आजही वाजवतात. त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी, किंवा वादकाचा स्वतःचा, कॅडेन्झा ठेवला की एकाच सामग्रीतून किती वेगळी वाट निघते ते उमगते.

या पद्धतीची मुळे छापील टिपणांत आहेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मैफलींसाठी जॉर्ज ग्रोव्ह १८५६ पासून विवेचक टिपणे लिहीत असत. एडिंबरोत डोनाल्ड टोव्ही यांनी १९१७ मध्ये रीड ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याच्या मैफलींसाठी लिहिलेली त्यांची कॉन्चेर्टोंवरील विवेचने आजही वाचली जातात. बोलणे आणि वाजवणे यांची खरी सांगड दूरचित्रवाणीवर अमेरिकन वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी घातली. १९५४ मध्ये त्यांनी पाचव्या सिम्फनीतील बेथोव्हेनने टाकून दिलेले आराखडे वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले आणि ते का टाकले असावेत ते दाखवले. जी मेजरच्या उत्तराचा वर सांगितलेला प्रयोग त्याच जातीचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह त्यांनी मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांत (१९५८–७२) ‘कॉन्चेर्टो म्हणजे काय?’ हाही एक विषय होता.

तालमीत एक गोष्ट पक्की करावी लागते. वक्त्याने थांबवलेल्या जागेपासून सर्वांना एकदम पुढे जाता आले पाहिजे. त्यासाठी उदाहरणांचे मात्राखंड-क्रमांक प्रत्येक वादकाच्या प्रतीवर आधीच लिहून ठेवतात. वाद्यवृंद परवडत नसेल तेथे त्याची बाजू दुसऱ्या पियानोवर वाजवतात. स्वरबदल, सुरावटींचे परतणे, कॅडेन्झा हे सारे त्यातही नीट कळते. बेथोव्हेनचा तो संथ खंड मात्र दोन पियानोंवर फिका पडतो, कारण तंतुवाद्यांचा करडा आणि पियानोचा मृदू असे दोन निराळे आवाज तिथे एकच होऊन जातात.