रस्ता हटवून परत मिळवलेला नदीकाठ

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन, हिल्सबरो भागात आता बरीच मराठी घरं आहेत. उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना चालायला कुठे न्यायचं, या प्रश्नाला इथे एक फार चांगलं उत्तर आहे. मॅक्स रेल्वेने थेट शहरात उतरायचं आणि विलॅमेट नदीला फेरी मारायची. हॉथॉर्न पुलावरून पलीकडे जायचं, पूर्व काठाने चालत स्टील ब्रिज गाठायचा, त्यावरून अलीकडे येऊन पश्चिम काठाच्या बागेतून परत. जेमतेम सव्वाचार किलोमीटर. सगळी वाट पक्की, चढउतार अगदी कमी. बाबागाडी, व्हीलचेअर, गुडघ्यांनी कुरकुरणारे आजोबा, सगळे एकाच वाटेवर असतात.

ही वाट मुळात नव्हतीच. त्या जागी मोटारी धावत होत्या.

शहर वाढलं ते या नदीतल्या जहाजांमुळे. काठावर लाकडी धक्के आणि गोदामं दाटीने उभी होती. १८९४च्या जूनमध्ये पूर आला तेव्हा मुख्य बाजारपेठेतून लोक होड्यांनी फिरत होते. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम काठाला काँक्रीटची उंच भिंत घातली गेली. आज बागेत आपण जिच्या कठड्याला टेकून पाणी बघतो, ती हीच. भिंतीने पूर अडवला, पण माणसाला पाण्यापर्यंत पोहोचायची सोयही गेली. १९४०च्या दशकात भिंतीलगत हार्बर ड्राइव्ह हा जलदगती रस्ता आला आणि शहर व नदी यांच्यामध्ये दिवसरात्र गाड्यांची रांग उभी राहिली. तसंही नदीकडे जावंसं वाटावं अशी स्थिती नव्हती. १९५२मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू होईपर्यंत शहराचं सांडपाणी सरळ तिच्यात सोडलं जाई.

१९६०च्या दशकाच्या शेवटी हा रस्ता आणखी रुंद करायची योजना पुढे आली. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो इथून पुढचा. १९६९च्या उन्हाळ्यात ‘रिव्हरफ्रंट फॉर पीपल’ या नावाने एकत्र आलेल्या नागरिकांनी मोर्चा काढला नाही, सहल काढली. हार्बर ड्राइव्ह आणि शेजारचा रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्यावर मुलाबाळांसह जाऊन ते जेवायला बसले. दोन्ही बाजूंनी वाहतूक, मध्ये चटया आणि खाऊचे डबे. हा काठ कोणाचा, हे सांगायला भाषणाची गरज उरली नाही.

त्यांच्या सुदैवाने गव्हर्नर होते टॉम मॅकॉल. राजकारणात येण्याआधी ते पत्रकार होते आणि विलॅमेटच्या प्रदूषणावरचा त्यांचा माहितीपट १९६२मध्ये दूरचित्रवाणीवर गाजला होता. रस्त्याऐवजी मोकळी जागा ठेवता येईल का, हे तपासायला त्यांनी समिती नेमली. रस्ता बंद केला तर शहर ठप्प होईल, ही भीती होतीच. पण १९७३च्या अखेरीस फ्रीमाँट पूल खुला झाला, गाड्यांना शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारा मार्ग मिळाला आणि १९७४मध्ये हार्बर ड्राइव्ह कायमचा बंद झाला. नागरिकांसाठी जलदगती रस्ता उखडण्याचं अमेरिकेतलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. त्या जागी १९७८मध्ये बाग खुली झाली. १९८४मध्ये तिला मॅकॉल यांचं नाव दिलं गेलं. तिच्या उत्तर टोकाला वसंतात फुलणारी चेरीची शंभर झाडं आहेत. तिथलं स्मारक आहे दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकन कुटुंबांचं. फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका, तिथल्या दगडांवर कोरलेल्या कविता थांबून वाचा.

ही झाली अर्धी फेरी. पूर्व काठाचं दैव इतकं चांगलं नव्हतं, कारण १९६०च्या दशकात तिथे आय-५ हा महामार्ग पाण्याला खेटून बांधला गेला होता आणि तो आजही तिथेच आहे. १९९६च्या फेब्रुवारीत पाणी पश्चिमेकडच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत चढत आलं, तेव्हा महापौर व्हेरा कॅट्झ यांच्या हाकेला ओ देऊन शेकडो लोकांनी प्लायवूड आणि वाळूची पोती लावून भिंत उंच केली. त्याच कॅट्झ यांनी पूर्वेकडची वाट तडीस नेली. २००१मध्ये ती खुली झाली, त्याच वर्षी १९१२च्या स्टील ब्रिजच्या खालच्या मजल्यावर रुळांशेजारी पादचाऱ्यांसाठी पट्टा झाला आणि फेरी जुळली. तिथे चालताना शेजारून मालगाडी गेली की पायांखालचा पूल थरथरतो. नातवंडांना तो क्षण भारी आवडतो.

महामार्गाने जिथे काठावर जागाच ठेवली नव्हती, तिथे वाट सरळ पाण्यावर तरंगती केली आहे. १२०० फूट लांबीचा हा पट्टा नदीबरोबर वरखाली होतो. त्यामुळे पावसाळी हिवाळ्यात, पाणी चढलेलं असताना, त्यावर उतरणारा उतार सौम्य असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी खाली गेलं की तोच बराच तीव्र होतो. व्हीलचेअर ढकलत असाल तर तेवढ्या जागी मागे एक जण जास्त ठेवा.