डीएनडी लावलं तरी फोन येतातच? मग काय करायचं ते एकदा नीट बघू

डीएनडी, म्हणजे डू नॉट डिस्टर्ब, ही आपल्या नंबरवर जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करायची सोय. "डीएनडी लावून काही होत नाही गं" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि त्यांचे फोन हातात घेऊन बघितले तर निम्म्या जणांचं डीएनडी मुळात लागलेलंच नव्हतं. आमच्या आत्याचंच घ्या. तिने म्हणे दोन वर्षांपूर्वी ते लावायचा मेसेज पाठवला होता, त्यात स्टार्ट आणि पुढे शून्य लिहायचं असतं. मी तिच्या मेसेजमध्ये जाऊन बघितलं तर स्टार्टच्या पुढे शून्याऐवजी तिने इंग्रजी ओ टाकलेला, दिसायला सारखाच की हो, आणि वर तो मेसेज गेला होता दुसऱ्या सिमवरून, ज्या सिमवर ती फक्त नेट वापरते. म्हणजे ज्या नंबरवर दिवसभर पर्सनल लोन आणि एनए प्लॉटवाले फोन करतात तो नंबर तसाच उघडा.

तर आधी हे नीट लावू. मग लावल्यावरही फोन का येतात आणि तेव्हा काय करायचं ते सांगते, खरं काम तिथेच आहे.

कोणाला लावता येतं, कागद काय लागतात

भारतातला कुठलाही मोबाईल नंबर चालतो, प्रीपेड पोस्टपेड दोन्ही, आणि लँडलाईनसुद्धा. फी नाही. कागदपत्रं शून्य, आधार नको, फोटो नको, झेरॉक्स नको, सेतू केंद्रात किंवा मोबाईलच्या दुकानात कोणी यासाठी पन्नास रुपये मागत असेल तर सरळ उठून या. अट एकच, ज्या नंबरवर लावायचं त्याच नंबरवरून मेसेज किंवा फोन जायला हवा. आणि कोणी स्वतःहून फोन करून "मॅडम मी ट्रायमधून बोलतोय, तुमचं डीएनडी लावून देतो, ओटीपी सांगा" किंवा "तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार" असं म्हणालं तर तो शंभर टक्के चोर. ट्राय, म्हणजे दूरसंचारची नियामक संस्था, ग्राहकांना असे फोन करतच नाही, त्यांनी स्वतः हे अनेकदा जाहीर केलंय.

लावायचं कसं

नंबर १९०९. सगळ्या कंपन्यांना हाच. मेसेज उघडायचा, इंग्रजी अक्षरांत स्टार्ट लिहायचं, एक जागा सोडायची आणि आकड्यांच्या कीबोर्डवरून शून्य टाकायचं, मराठी कीबोर्ड चालू असेल तर तो आधी बदला. दोन सिमचा फोन असेल तर पाठवायच्या बटणाजवळ सिम १ की सिम २ ते बघा, आत्याची गडबड इथेच झाली. उलट मेसेज येतो, तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. मेसेज जमत नसेल तर १९०९ ला फोन लावा, तिथे भाषा निवडून पुढे जाता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मला हेच सोपं वाटतं. लगेच दुसऱ्या दिवशी शांतता होईल अशी अपेक्षा ठेवू नका, आठवडाभर जाऊ द्या.

शून्य म्हणजे सगळं बंद. पण थोडं चालू ठेवायचं असेल तर आठ प्रकार केलेले आहेत: बँक-विमा-क्रेडिट कार्ड, घरं-प्लॉट, शिक्षण, आरोग्य, घरगुती वस्तू आणि गाड्या, मनोरंजन-आयटी-कम्युनिकेशन, पर्यटन, आणि खाणंपिणं. यातलं एखादं हवं, बाकी नको असं करायचं असेल तर मेसेजच्या आकड्यांच्या भानगडीत पडू नका, उलटसुलट होतं, सरळ ट्रायचं डीएनडी नावाचं ॲप घ्या आणि तिथे टिक करा. त्यात कुठल्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत, फोन नको पण मेसेज चालेल असंही निवडता येतं. आयफोनवर हे ॲप यायला मोठी भांडणं झाली होती बरं का, ॲपला कॉल आणि मेसेज वाचू द्यायला ॲपल तयार नव्हती, मग जाहिरातीच्या कॉल-मेसेजबद्दलच्या २०१८ च्या नियमात ट्रायने ॲप चालू न देणारे हँडसेट नेटवर्कवरून काढायला लावू असा दम भरला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते ॲप आलं.

सगळ्यांची एक भीती असते, सगळं बंद केलं तर बँकेचा ओटीपी येईल का. येतो. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, गॅस सिलिंडरचा, रेल्वेच्या तिकिटाचा, यातलं काहीच डीएनडीत अडकत नाही. २०२५ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं ते बघायची सवय लावा, पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवेचा, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी. पीवाल्या मेसेजमध्ये तो बंद करण्याची सोय द्यावीच लागते. नावाच्या सुरुवातीच्या दोन अक्षरांतलं पहिलं मोबाईल कंपनीचं आणि दुसरं सर्कलचं म्हणजे विभागाचं, एम असेल तर मुंबई, झेड असेल तर महाराष्ट्र, आणि दूरसंचारच्या हिशोबात महाराष्ट्र सर्कल म्हणजे गोव्यासकट पण मुंबई सोडून. याचा रोजच्या वापरात फार उपयोग नाही पण मला मजा वाटते.

मग फोन का येतात

एक, परवानगी आपणच दिलेली असते. लोन किती मिळेल बघू म्हणून एखाद्या साईटवर नंबर टाकला आणि खाली बारीक अक्षरातल्या चौकोनात आधीच टिक होती, किंवा मॉलमध्ये लकी ड्रॉच्या डब्यात चिठ्ठी टाकली, की संपलं. डीएनडी ही तुमची सर्वसाधारण पसंती असते, पण एखाद्या कंपनीला वेगळी संमती दिली असेल तर ती डीएनडीच्या वर चालते. हे कोणीच सांगत नाही आणि म्हणून लोकांना वाटतं सगळं थोतांड आहे. उपाय असा की ती संमती त्या कंपनीकडे जाऊन काढून घ्यायची, ॲपच्या सेटिंगमध्ये किंवा त्यांच्या मेसेजमधल्या बंद करण्याच्या पर्यायातून. एकदा तुम्ही नको म्हणालात की नव्या नियमाप्रमाणे पुढचे ९० दिवस ती कंपनी परत संमती मागू शकत नाही.

दोन, आणि त्रास मुख्य इथे आहे, साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे फोन. नोंदणी केलेल्या कंपनीला जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचा असतो, आणि बँका वगैरेंच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची वेगळी मालिका आहे, बँकांना ती वापरायला १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली होती. जो साध्या सिमवरून तुम्हाला प्लॉट विकतोय त्याने कुठेच नोंदणी केलेली नाही, त्यामुळे तुमचं डीएनडी लावलंय का हे तो बघतच नाही, यादी त्याच्यासमोर येतच नाही. त्याला थांबवायचा एकच मार्ग आहे, तक्रार.

तीन, व्हॉट्सॲपवर येणारं काहीही. तिथे १९०९ चा संबंध नाही, तिथेच ब्लॉक आणि रिपोर्ट करायचं.

तक्रार, जी कोणी करत नाही

लोक काय करतात, शिव्या देतात, ब्लॉक करतात, ट्रूकॉलरवर स्पॅम टाकतात, आणि संध्याकाळी दुसऱ्या सिमवरून तोच माणूस परत. ब्लॉक केल्याने फक्त तुमच्यापुरता तो नंबर गेला, त्याचं सिम चालूच.

ट्रायच्या त्याच २०१८ च्या नियमात १२ फेब्रुवारी २०२५ ला बदल झाले ते आपल्या कामाचे आहेत. आधी फोन आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. बिननोंदणीच्या नंबरची तक्रार करायला तुमचं डीएनडी लावलेलं असायलाच हवं असंही राहिलं नाही. मोबाईल कंपनीला अशा नंबरवर कारवाई करायला आधी ३० दिवस होते ते ५ वर आणले. आणि आधी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तर कंपनी हलायची, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पाच! म्हणजे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच बिल्डरच्या नंबरवरून पाच जणांना फोन आला आणि पाचही जणांनी ग्रुपवर चिडके इमोजी टाकायच्या ऐवजी १९०९ ला मेसेज टाकला तर काम झालं. पहिल्यांदा सापडला तर त्या पाठवणाऱ्याचे बाहेर जाणारे सगळे कॉल-मेसेज १५ दिवस बंद, परत सापडला तर सगळ्या लाईन्स एक वर्ष तोडून काळ्या यादीत. हे कागदावरच राहतं असं म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायने आदेश काढल्यावर काही आठवड्यांत पावणेतीन लाखांहून जास्त कनेक्शन तोडली गेली होती.

तक्रारीला हे एवढंच लागतं: कोणाच्या किंवा कशाच्या जाहिरातीचा फोन होता ते थोडक्यात, मग स्वल्पविराम, आलेला नंबर, परत स्वल्पविराम, तारीख. समजा "पर्सनल लोनचा फोन", नंबर, आणि दिवस-महिना-वर्ष, हे इंग्रजी अक्षरांत लिहून १९०९ ला पाठवायचं, ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून. मेसेज आला असेल तर तोच मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख जोडून पुढे पाठवायचा. ॲपमध्ये कॉलच्या यादीतून नंबर निवडला की काम होतं, मी तेच करते, चहा उकळेपर्यंत होतं. तक्रार क्रमांक येतो तो जपून ठेवा. कंपनीने "ग्राहकाची संमती होती" वगैरे उत्तर देऊन तक्रार बंद केली आणि तुम्हाला पटलं नाही तर त्याच मोबाईल कंपनीच्या अपील विभागाकडे जायचं असतं. ट्रायला थेट पत्र लिहून उपयोग नाही, ते एकेकाच्या तक्रारी हाताळत नाहीत.

फोनवरच्या माणसाशी भांडू नका हेही सांगते. तो बिचारा टार्गेटवर काम करतो. त्याला शांतपणे विचारा कुठल्या कंपनीकडून बोलताय, नाव मिळालं की तक्रारीत लिहिता येतं.

आणि जाहिरात नसून फसवणुकीचा संशय असेल, म्हणजे वीज तोडणार, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, केवायसी संपली, तर १९०९ नाही, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे कळवायचं, व्हॉट्सॲपवर आलेलंही तिथे चालतं. पैसे गेलेच असतील तर तिथेही वेळ घालवू नका, तडक सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, १९३०.

नंबर देताना

कपड्याच्या दुकानात बिल करताना "मोबाईल नंबर?" असं विचारतात आणि आपण पाकीट शोधता शोधता सांगून मोकळे होतो. २०२३ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडून बसायचं नाही. मी आता "नंबर नको, बिल कागदावर द्या" म्हणते. एकदा एका काउंटरवरची मुलगी म्हणाली सिस्टीम पुढेच जात नाही, मी म्हटलं मग तुमच्या दुकानाचा नंबर टाका, गेली की पुढे.

डेटाचा नवा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, त्यात दिलेली संमती काढून घेण्याचा हक्क आहे पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिलेत, त्यामुळे त्याच्या जोरावर आज कोणाला दटावता येणार नाही. क्रेडिट कार्डवाल्यांना मात्र आजही दटावता येतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्यांच्या एजंटांनी सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्येच फोन करायचा असं आहे.

परदेशात राहणारे जे ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवतात, त्यांनी तर हे जरूर करा, आपल्याकडची दुपार म्हणजे अमेरिकेतली मध्यरात्र आणि उचलला तर रोमिंगचे पैसे. तिकडून १९०९ लावत बसण्यापेक्षा वायफायवर ॲप उघडा.

नंबर पोर्ट केला किंवा घरातल्या कोणाचं जुनं सिम दुसऱ्याला दिलं तर डीएनडी आहे का ते ॲपमध्ये परत एकदा बघून घ्या. आत्याचं आता लागलंय, आकडी शून्यासकट. १४० वाले बंद झालेत, प्लॉटवाला अजून येतो, त्याच्या दोन तक्रारी झाल्या आणि तिसरी तिच्या भिशीतल्या मैत्रिणीकडून गेली आहे.