रशियन सैन्यात अडकलेल्या माणसाच्या सुटकेसाठी मुंबईतून अर्ज कसा करायचा

हेल्परची नोकरी म्हणून रशियाला गेलेला मुलगा गणवेशातला फोटो पाठवतो, तेव्हा घरच्यांना कळतं की सही केलेला कागद सैन्याचा करार होता. 'वर्षाचंच काँट्रॅक्ट आहे, सुटेल' या भरवशावर बसू नका. 21 सप्टेंबर 2022 च्या पुतिन यांच्या आदेशाने असे करार युद्धासाठी जाहीर केलेल्या आंशिक सैन्यभरतीचा (मोबिलायझेशन) काळ संपेपर्यंत चालूच राहतात. सुटका होते ती भारत सरकारने रशियाकडे मागितली की.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनी तक्रार नोंदवायची. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि तोच टाकून मॉस्कोतल्या भारतीय दूतावासाला ईमेल करा. मुख्य मुद्दा नागरिकत्वाचा. करारावरच्या परदेशी सैनिकांना रशिया झटपट नागरिकत्व देऊ करतो, पण आपण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि दूतावासाचे हात बांधले जातात. म्हणून फोन लागला की पहिलं हेच सांगा: तसल्या फॉर्मवर सही करू नकोस.

कागदपत्रांत पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स आणि नात्याचा पुरावा लागतोच. खरं वजन कराराला. मोबाइलवर आलेला फोटो असला तरी चालेल, पण सगळी पानं हवीत, कडा न कापता. युनिटचा क्रमांक बहुतेकदा कोपऱ्यातल्या शिक्क्यातच असतो. शेवटचं बोलणं कधी झालं, कुठल्या गावाजवळून, तेही लिहा. एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी अजिबात डिलीट करू नका; फसवून नेलं हे त्यांतूनच दिसतं.

एजंटविरुद्धची तक्रार वेगळी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेले केंद्र सरकारचे अधिकारी) कार्यालय आहे, तिथे द्या. शिवाय जवळच्या पोलीस ठाण्यात एफआयआर. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारा एफआयआर) मागा. एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणीकृत एजंटलाही 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. सीबीआयनेही मार्च 2024 मध्ये अशा एजंटांवर गुन्हा नोंदवून मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले होते.

जानेवारी 2025 मध्ये मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार 126 प्रकरणांपैकी 96 जण परतले होते, 12 मृत्युमुखी पडले होते आणि 16 बेपत्ता होते. बेपत्ता असेल तर रक्ताच्या नातेवाइकांचा डीएनए नमुना मागितला जाऊ शकतो. सुटका झाली पण पासपोर्ट हाती नाही, अशा वेळी दूतावास परतीसाठी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो.